मापात पाप

आपलं वजन वाढलंय ही बातमी ज्याचं वाढलंय त्याला सगळ्यात शेवटी कळते. आधी ती खुर्चीला कळते, मग शर्टाच्या चौथ्या बटणाला, मग सोसायटीच्या वॉचमनला. मला ती बँकेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत कळली. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८६ किलो ४०० ग्रॅम. मी डॉक्टरांना म्हटलं, "खिशात किल्ल्या होत्या."

"तिजोरी असती तरी इतका फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सोनोग्राफीचा कागद वाचला. त्यावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं लिहिलं होतं. बी. कॉम.ला सेकंड क्लासवर समाधान मानलेल्या माणसाच्या यकृताने पहिला नंबर काढला होता. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "घेता का?"

मराठी भाषेइतकी सभ्य भाषा दुसरी नसेल. आपण चहा घेतो, औषध घेतो, कर्ज घेतो, आशीर्वादही घेतो. या सगळ्या घेण्यांना कर्म लागतं. कर्म नसलेलं घेणं मात्र एकच. तसंच 'बसणं'. "शुक्रवारी बसू या का?" म्हटल्यावर "कशावर?" असं विचारणारा आमच्या शाखेत एकच इसम होता, तो निवृत्त झाला. वाक्यातलं कर्म गाळलं की कर्त्याला दोष लागत नाही अशी आपली समजूत असावी. आता बँकेतल्या माणसाला "घेता का?" असं कुणी विचारलं की तो आधी "छे छे, कधीच नाही!" म्हणून मोकळा होतो आणि प्रश्न कशाबद्दल होता ते मागाहून समजून घेतो. मीही तेच केलं. डॉक्टर नुसते बघत राहिले.

"म्हणजे... कधीतरी," मी म्हटलं.

"किती?"

"मोजून-मापून."

हा शब्द मी चाळिशी ओलांडेपर्यंत इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने वापरला होता, की त्याचा अर्थ कुणी विचारील असं वाटलंच नव्हतं. डॉक्टरांनीही विचारला नाही. ते म्हणाले, "वजन उतरवायचं असेल तर ती बंद केलेली बरी. सुरक्षित प्रमाण म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलंय की असं कुठलंच प्रमाण नाही."

सरकारचं मत इतकं टोकाचं नाही. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्यात, आरोग्य टिकवण्यासाठी ज्याला दारू लागते अशा माणसाला परवाना देण्याची सोय केलेली आहे. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा हा नियम अजून आहे, आणि हा परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, तसा आजीवनही मिळतो. माझ्या प्रकृतीवर विमा कंपनी एका वेळी एकच वर्ष भरवसा ठेवते; शासनाने जन्मभराचा ठेवला. पण हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते फी घेऊन बोलत होते.

घरी आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच मोजायचं ठरवलं. आमच्या घरात मापं पुष्कळ आहेत. पण पोह्यांच्या वाटीने हा व्यवहार करणं बरं दिसेना. शेवटी मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण सापडलं. त्यावर दहा मिलिलिटरपर्यंत खुणा असतात. मी माझा नेहमीचा ग्लास घेतला, त्यात नेहमीच्या अंदाजाने, नेहमीच्या उंचीपर्यंत पाणी ओतलं (प्रयोगासाठी खरा माल वाया घालवणं कॉमर्सच्या शिकवणीत बसत नाही) आणि ते टोपणाटोपणाने मोजलं. एक टोपण, दोन टोपणं, तीन. हॉटेलातला लहान पेग इथे संपला. मी मोजतच होतो. सहा टोपणं झाली, हॉटेलातला मोठा पेगही संपला. माझ्या ग्लासात अजून पाणी होतं. आठ टोपणं आणि वर थोडं. ८८ मिलिलिटर!

माझे दोन पेग म्हणजे १७६ मिलिलिटर. आणि वाइन शॉपमध्ये जी १८० मिलिलिटरची चपटी बाटली मिळते, तिला काय म्हणतात ते तुम्हांला ठाऊक आहे. क्वार्टर! हा शब्द आमच्या वर्गात उच्चारत नाहीत. क्वार्टर मारणारा तो कुणीतरी नाक्यावरचा. आपण दोन पेग घेतो. इतकी वर्षं मी आणि तो नाक्यावरचा मनुष्य एकाच मापाचे सभासद होतो. फरक इतकाच, की तो दुकानदाराने सीलबंद करून दिलेलं प्रामाणिक माप पीत होता. हेडकॅशिअरच्या रोकडीत इतकी तफावत निघाली असती तर त्याला चार्जशीट मिळालं असतं. 'मापात पाप' म्हणतात ते वाण्याला उद्देशून. पण वाणी कमी देऊन गिऱ्हाइकाला फसवतो. जास्त देऊन फसवणारा आणि तेही स्वतःलाच फसवणारा वाणी मी पहिलाच असेन.

आता थोडा हिशेब. दारूच्या एका ग्रॅमला सात कॅलरी पडतात. पिठाला आणि साखरेला चार, तुपा-तेलाला नऊ. म्हणजे पंगतीत दारूचं पान तुपाच्या शेजारी मांडायला हवं, आपण तिला पाण्याच्या रांगेत बसवतो. साठच्या मोठ्या पेगात सुमारे १४० कॅलरी. माझ्या अंदाजपंचे क्वार्टरमध्ये चारशेच्या वर. शिवाय यकृताचा कारभार आमच्या शाखेसारखा आहे. काउंटर एकच. दारू शरीराला साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे ती आली की तिचं काम आधी. साहेबांचे पाहुणे आले की आम्ही नाही का रांग थांबवून त्यांचं पासबुक छापून देत? तोवर चरबी बिचारी टोकन हातात धरून बाकावर बसून राहते. बसून बसून तिथेच वसाहत करते.

पण खरा घोटाळा दारूच्या कॅलरींचा नाहीच. दारू ही जामीनदार आहे. कर्ज उचलतो तो चकणा. शुद्धीवर असताना शेंगदाण्याच्या बशीकडे मी संशयाने बघतो. दुसऱ्या पेगानंतर त्याच बशीबद्दल माझ्या मनात बंधुभाव दाटून येतो. तळलेले शेंगदाणे मूठभर म्हणजे पेगभराहून जास्त. त्यावर भजी, त्यावर रात्री साडेअकराला फ्रीज उघडून उभ्याउभ्या खाल्लेलं श्रीखंड. हे श्रीखंड कुठल्याही हिशेबात येत नाही, कारण ते कुणी पाहिलेलं नसतं आणि मला आठवत नसतं.

"मग सोडा की सरळ," असं तुम्ही म्हणाल. आमची हीसुद्धा एकदा म्हणाली होती, एकदाच. त्यावर माझं म्हणणं नोंदवून ठेवतो. मला दारू आवडते. आठवडाभर काचेपलीकडून लोक माझ्याकडे, त्यांच्या खात्यातले पैसे मीच काढलेत अशा नजरेने बघत असतात. आता आम्हांला क्लार्क म्हणायचं नाही, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणायचं असं ठरलंय. पण पेन्शन न्यायला येणाऱ्या आजोबांना ते परिपत्रक मिळालेलं नाही. अशा सहा दिवसांनंतर ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज होतो तेव्हा जगातली सगळी पासबुकं बंद झाल्यासारखी वाटतात. हे सुख खोटं आहे असं मला कुणी सांगू नये. ते खरं आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. वाईट गोष्ट सोडायला धैर्य लागतं हे खरं. पण चांगली वाटणारी गोष्ट मर्यादेत ठेवायला काय लागतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांकडे गेलो. सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. सकाळी फिरायला आम्ही बरोबर असतो. ते वेगाने चालत बोलतात, मी हळू चालत ऐकतो.

"सर, मध्यममार्ग म्हणजे नेमका कुठून जातो?"

सरांनी सुरुवात बुद्धापासून केली, गीतेच्या सहाव्या अध्यायात जरा थांबले (फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं तिथे म्हटलंय, यातला दुसरा भाग मला फार पटला) आणि सोसायटीच्या फाटकापाशी ॲरिस्टॉटलवर आले. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो.

"म्हणजे सरासरी!" मी म्हटलं. कॉमर्सच्या माणसाला अखेर एक ओळखीची गोष्ट भेटली होती. आमच्या मंडळात हेडकॅशिअर सहा पेग घेतो, एकजण नुसता लिंबूसोडा पितो म्हणजे शून्य, आणि मी तीन. बेरीज नऊ, भागिले तीन, उत्तर तीन. मी तंतोतंत मध्यावर उभा होतो.

"नाही हो," सर म्हणाले. "ॲरिस्टॉटलने नेमकी हीच चूक धरून ठेवलीय. दहा मापं अन्न फार आणि दोन मापं कमी, म्हणून सहा बरोबर, असं होत नाही. सहा मापं मायलो पहिलवानाला कमी पडतील आणि नवशिक्याला जास्त होतील. मध्य ज्याचा त्याचा असतो."

ज्याचा त्याचा! इतकं सोयीस्कर तत्त्वज्ञान अडीच हजार वर्षं लोकांपासून का दडवून ठेवलं होतं कळेना. सर पुढेही काही सांगत होते: हा मध्य मनाला येईल तिथे धरायचा नाही, शहाणा माणूस विचार करून धरील तिथे धरायचा, वगैरे. ते मी ऐकलं. पण शहाणा माणूस कोण हा प्रश्न मला पडला नाही. नुकतंच टोपणाने मोजून आलेल्या माणसाला तो पडू नये.

तर माझा मध्य मी असा ठरवला. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी सुरू झाली ती २०१५ च्या सप्टेंबरात. घ्यायची ती फक्त या दोन शनिवारी. साठ-साठचे दोन, टोपणाने मोजून. चकण्याला काकडी. बाकी दिवशी चालणं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी वर्षभराच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारांना लाल पेनने गोल केले. एका वहीत जमा-नावे आखली: नावे बाजूला पेग, जमा बाजूला फिरणं. एका मोठ्या पेगाला साधारण अर्धा तास भरभर चालणं, असा विनिमय दर बसवला. पहिल्या तीन महिन्यांत तीन किलो उतरले. शाखेत मी इतरांना आहारावर सल्ले देऊ लागलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारण चौथ्या महिन्यातल्या चौथ्या शनिवारी मेहुणीच्या मुलीचं लग्न आलं. सासुरवाडीच्या मांडवात टोपण काढता येत नाही. त्या दिवशीचे दोन पेग राहिले. आता न वापरलेली रजा आपण बुडू देतो का? ती शिल्लक पुढे ओढतो. मी दोन पेग पुढे ओढले. पुढच्या दुसऱ्या शनिवारी चार झाले. मग एका बुधवारी हेडकॅशिअरला नातू झाला. आनंद काही दुसऱ्या-चौथ्या शनिवारची वाट बघत नाही, म्हणून पुढच्या हप्त्यातले दोन आगाऊ उचलले. एकदा आगाऊ उचल सुरू झाली की ती कशी वाढते हे मी रोज काउंटरवर बघतो आणि लोकांना हसतो. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात त्या महिन्यात पाचवा निराधार असतो, त्याला चौथ्यात विलीन केलं. १ ऑक्टोबरला दुसऱ्या दिवशी दुकानं बंद म्हणून. ३१ मार्चला बँकेच्या वर्षअखेरीचा शीण म्हणून. सातव्या महिन्यात मी वहीचा ताळा घेतला तेव्हा कळलं, की मी पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतचे शनिवार पिऊन बसलो आहे. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एन.पी.ए. होतं. मी माझ्या खात्याची पुनर्रचना केली. नियमाला नवीन मुदत दिली आणि जुनी थकबाकी माफ केली. ठेवीदार मी, कर्जदार मी, मंजुरी देणारा साहेब मी आणि ऑडिटरही मीच. असली शाखा पाहिल्याबरोबर कुठलाही तपासनीस कुलूप ठोकील. वजन ८५ किलो १०० ग्रॅम.

पण गंमत अशी, की वहीत एकही खोटी नोंद नव्हती. प्रत्येक पेग टोपणाने मोजलेला होता. दुसरा शनिवार असेल त्या दिवशी तर मी साडेसातच्या ठोक्याला बसायचो, दहाला उठायचो. मी आवाज चढवत नाही, आदळआपट करत नाही, शेजाऱ्यांना कळतही नाही. गाणी लावतो, घरच्यांशी दोन शब्द प्रेमाचे बोलतो. दारूचा त्रास म्हणजे जे काही सिनेमात दाखवतात, त्यातलं आमच्याकडे काही नाही, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं.

आठव्या महिन्यातला दुसरा शनिवार. दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. (हे वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातच मोडतं. हात वर-खाली होतात.) आत मुलगी आईच्या मोबाईलवर बी विंगमधल्या मैत्रिणीशी बोलत होती. मुलगी पाचवीत आहे. तिचा आवाज खासगी नसतो.

"आज नको गं येऊस," ती म्हणाली. "आज आमच्याकडे दुसरा शनिवार आहे."

मी उशीचा अभ्रा हातात घेऊन उभा राहिलो. पलीकडच्या मुलीने काहीतरी विचारलं असावं.

"छे! रागावत वगैरे नाहीत. उलट खूप प्रेमाने बोलतात." मग थोडं थांबून, "हो ना. तेच तेच."

अभ्रा मी दोनदा झटकला. चिमटा लावला. तो निसटून खाली तळमजल्यावर पडला, तो आणायला जिना उतरून गेलो आणि तिथेच पायरीवर जरा वेळ बसलो. एरवी मी त्याची एका मजल्याप्रमाणे वहीत जमा धरली असती.

संध्याकाळी हिला विचारलं, "हिच्या मैत्रिणी आपल्याकडे येत नाहीत का गं?"

"येतात की," ही कणीक मळत म्हणाली. "पहिल्या, तिसऱ्या शनिवारी. तुम्ही बँकेत असता."

"आणि तुझी भिशी?"

"ती दुसऱ्या शनिवारी ठेवतो आम्ही. पाचवीच्या गणिताची शिकवणी चौथ्या शनिवारी संध्याकाळची घेतलीय. गणित तुम्हीच घ्यायचात ना आधी?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिने सांगितलं. "अहो, लाल गोल तुम्हीच केलेत ना कॅलेंडरवर? आम्हांला दिसतात ते."

माझ्या वहीत दोन रकाने होते. पेग आणि किलोमीटर. आठ महिने मी त्यांची तोंडमिळवणी करत होतो, आणि ती झालीही असती. अजून थोडा चाललो असतो तर वजनकाट्याने मला निर्दोष सोडलं असतं. पण घरात एक दुसरी खातेवही लिहिली जात होती. तिच्यात माझ्या नावावर काय काय पडलं होतं, ते कळायला मला एक मोबाईल आणि एक अभ्रा लागला. शरीरावर पडलेलं चालून फेडता येतं. दुसरा शनिवार चुकवायला म्हणून एका दहा वर्षांच्या मुलीने आखलेलं वेळापत्रक किती किलोमीटर चालल्यावर पुसलं जातं, याचा विनिमय दर मला बसवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी फिरताना सरांना विचारलं, "सर, तो मध्य ज्याचा त्याचा म्हणालात. त्यातला 'ज्याचा' म्हणजे कोण? पिणारा, की त्याच्या घरात राहणारे?"

सर चालायचे थांबले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा थांबलेलं पाहत होतो. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले, आणि एक फेरी होईपर्यंत काहीच बोलले नाहीत. माझ्या वेगाने चालले.

बाटली अजून कपाटात आहे. मी ती बेसिनमध्ये ओतली वगैरे नाही. चांगली आहे, महाग आहे, आणि ओतण्याच्या प्रसंगाला जे पार्श्वसंगीत लागतं ते आमच्या घरात नाही. टोपण मी धुऊन औषधाच्या बाटलीला परत लावलं. हे लिहितोय तोपर्यंत एक चौथा शनिवार होऊन गेलाय, त्याचं सांगतो आणि थांबतो.

त्या आठवड्यात मुलीने कॅलेंडरसमोर उभं राहून विचारलं, "बाबा, या शनिवारी मैत्रिणीला बोलावू?"

कॅलेंडरवर माझाच लाल गोल होता. मी म्हटलं, "बोलाव की. पण सातच्या आत..."

आणि माझं मलाच ऐकू आलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काचेमागून कर्ज मागणाऱ्याकडे जसा बघतो तशी ती बघत होती. आता हा कुठला कागद काढतोय, अशी.

"जेवायलाच बोलाव," मी म्हटलं.

मैत्रीण आली. साडेसातला कॅरम मांडला. चौथा भिडू म्हणून मला बसवलं. माझा हात जरा अस्वस्थ होता, हे मी कबूल करतो; साडेसात ते आठ हा अर्धा तास मला चांगलाच लांब वाटला, आणि तो तसा वाटला याचा विचार मी अजून पुरता केलेला नाही. पहिल्याच डावात मी राणी घेतली आणि कव्हर करताना स्ट्रायकर भोकात घातला. "बाबा!" मुलगी ओरडली, "मापात मारा ना जरा!"